संसारी सेवक फ्रेडरिक ओझानाम

महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठीं धर्मग्रामाच्या उपकारकर्त्यांचा इतिहास लिहून द्यावा, असा आग्रह चालक मंडळींनीं आम्हांस केला. त्याप्रमाणें आम्ही जुनीं दप्तरें काढून बसलों. घंटा कोणीं दिली, वेदीचा संगमरवर कोणीं आणविला, शाळेचें छप्पर कोणाच्या पैशानें झालें, हें सर्व त्यांत सांपडलें. परंतु एका सेवेची नोंद कोठेंच मिळेना. आमच्या संत विन्सेंट द पॉल सभेच्या बंधूंनीं इतक्या वर्षांत कोणाच्या घरीं तांदूळ पोंचविले, कोणाच्या मुलाची फी भरली, कोणत्या म्हातारीस उचलून दवाखान्यांत नेलें, याची यादी मागावयास आम्ही सभेच्या चिटणिसांकडे गेलों. त्यांनीं नम्रपणें पण ठामपणें सांगितलें, "फादर, आम्ही घरांचीं नांवें बाहेर सांगत नाहीं." आम्ही ओशाळलों. नियम आम्हांस ठाऊक होता. लेखाच्या घाईंत विसर पडला होता.

तेव्हां ज्या सेवेचा इतिहास लिहितां येत नाहीं, तिच्या मूळ पुरुषाचा इतिहास लिहावा, असें आम्हीं योजिलें. यास आणखीही एक कारण आहे. गेलीं कांहीं वर्षें या सभेच्या बैठकींत रिकाम्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत. तरुणांस विचारावें, तर उत्तर ठरलेलें असतें: "फादर, लग्न झालें, मूल झालें, आतां वेळ कोठें?" हें उत्तर खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पहांटे निघून रात्रीं परतणारा माणूस, त्याच्या डोक्यावर घराचे हप्ते, घरांत आजारी आई. त्यास आणखी दोन घरें संभाळ म्हणून सांगावें कोणीं? आम्हां धर्मगुरूंस तें सांगणें फार सोपें, कारण आम्हांस ना बायको ना पोर. म्हणून येथें आमचें प्रवचन बाजूस ठेवून एका संसारी माणसाचीच हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही सभा खुद्द संत विन्सेंट यांनीं स्थापन केली, असें आपल्यांतील पुष्कळांस वाटतें. संत विन्सेंट सन १६६० मध्यें निवर्तले. सभा निघाली ती सन १८३३ मध्यें, म्हणजे त्यांच्या मागें १७३ वर्षांनीं. आणि ती काढणाऱ्यांत धर्मगुरु एकही नव्हता. एक वर्तमानपत्राचा चालक व सहा विद्यार्थी, एवढीच ती मंडळी. त्या सहांपैकीं एकाचें नांव फ्रेडरिक ओझानाम.

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं इटालींतील मिलान शहरीं झाला. पण आईबाप फ्रेंच, लिऑन शहरचे. वडिलांनीं तरुणपणीं फ्रेंच फौजेंत शिपाईगिरी केली, मग व्यापार केला व त्यांत ते बुडाले, आणि शेवटीं बायकोमुलांसह परमुलखांत जाऊन, वैद्यकी शिकून डॉक्टर झाले. सन १८१६ मध्यें कुटुंब लिऑनला परत आलें. या दांपत्यास चौदा मुलें झालीं, पण बहुतेक सारीं बाळपणींच देवाघरीं गेलीं. एक मुलगी लहान भावंडांना शिकविण्याइतकी मोठी झाली, ती ऐन एकोणिसाव्या वर्षीं गेली. उरले तिघे भाऊ: थोरला आल्फोन्स धर्मगुरु झाला, धाकटा शार्ल बापासारखा डॉक्टर झाला, आणि मधला हा फ्रेडरिक.

लिऑन हें रेशीम विणणाऱ्यांचें शहर. घरें उंच, जिने अंधारे व अरुंद. त्या काळीं यांत्रिक पाळणा नव्हता; म्हणून जों जों वर जावें तों तों भाडें कमी, आणि अगदीं वरच्या मजल्यावर अगदीं गरीब. पाणी खालून वर न्यावयाचें, जळण खालून वर न्यावयाचें, आजारी पडलें तर डॉक्टरनेंही खालून वर यावयाचें. फ्रेडरिकचे वडील असे जिने चढत, व औषधाचे पैसे मागत नसत. आईही गरिबांच्या घरीं जाई. उतारवयांत दोघांचेंही श्वासाचें दुखणें वाढलें, तेव्हां नवराबायकोंनीं एकमेकांस वचन दिलें कीं, चौथ्या मजल्याच्या वर यापुढें चढावयाचें नाहीं. चरित्रकार सांगतात कीं, पुढें एके दिवशीं डॉक्टरसाहेब वचन मोडून चोरून वर गेले, तों तेथें रोग्याच्या उशाशीं त्यांची पत्नी आधींच बसलेली! सन १८३७ मध्यें असाच एका गरीब रोग्यास पाहावयास गेले असतां डॉक्टर जिन्यावरून पडले व त्यांतच वारले. मुलानें पुढें जें केलें, तें त्यानें पुस्तकांतून शिकलेलें नव्हतें, हें ध्यानांत यावें म्हणून एवढें विस्तारानें लिहिलें.

मुलगा शाळेंत हुशार, पण पंधरा-सोळा वर्षांचा असतां श्रद्धेविषयीं त्याच्या मनांत दारुण संशय उत्पन्न झाले. रात्र रात्र झोंप येत नसे. नुआरो नांवाच्या धर्मगुरूंनीं, जे शाळेंत तत्त्वज्ञान शिकवीत, त्यास धाक घातला नाहीं कीं दटावलें नाहीं. आपल्याबरोबर फिरावयास नेऊन त्याचे प्रश्न एक एक करून ऐकले. मुलांच्या शंका ऐकून ज्यांचा संताप होतो, अशा आईबापांनीं (व आमच्यासारख्यांनींही) नुआरो यांची आठवण ठेवावी. संशय फिटला, तेव्हां या मुलानें सत्याच्या सेवेस आयुष्य वाहण्याचा संकल्प केला.

सन १८३१ च्या अखेरीस कायदा शिकण्यासाठीं तो पॅरिसला आला. प्रसिद्ध शास्त्रज्ञ आंपेर हे मूळचे लिऑनकडचेच. विजेचा प्रवाह मोजण्याच्या मापास आजही त्यांचेंच नांव आहे. त्यांनीं या पोरास आपल्या घरांत खोली व आपल्या पंक्तीस पान दिलें. विद्वान माणूस श्रद्धाळूही असूं शकतो, हें फ्रेडरिकनें तेथें रोज डोळ्यांनीं पाहिलें. बाहेर पॅरिस मात्र निराळें होतें. सन १८३० ची राज्यक्रांति नुकतीच होऊन गेलेली, विद्यापीठांत धर्माची टवाळी करणें हें शहाणपणाचें लक्षण; आणि सन १८३२ मध्यें पटकीची साथ येऊन एकट्या त्या शहरांत सुमारे १८ हजार माणसें मेलीं. मेलीं तीं बहुतेक गरिबांच्या वस्तींतलीं.

बाय्यी नांवाचे एक गृहस्थ तेथें कॅथलिक वर्तमानपत्र चालवीत व विद्यार्थ्यांसाठीं इतिहासाची एक वादसभा भरवीत. तींत सर्व मतांचे तरुण येत. ख्रिस्तमंडळानें जगाचें केवढें कल्याण केलें, हें ओझानाम मोठ्या आवेशानें मांडीत. एके दिवशीं विरुद्ध पक्षाच्या एका तरुणानें त्यांस विचारलें कीं, पूर्वींचें सर्व मान्य, पण आज तुम्ही स्वतः काय करीत आहां? या प्रश्नास उत्तर नव्हतें. वाद जिंकण्याची कला त्यांस चांगली साधली होती, पण हा वाद बोलून जिंकण्यासारखा नव्हता.

२३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे ओझानाम यांस वीस वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, सातजण बाय्यी यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरींत जमले. बाय्यी अध्यक्ष झाले. हे बाय्यी चाळिशीकडे झुकलेले, लग्न झालेले, घरांत तान्हें मूल असलेले गृहस्थ होते, हें आमच्या तरुण बापांनीं लक्षांत घ्यावें; ज्या सभेस बसावयास त्यांना वेळ नाहीं, तिचा पहिला अध्यक्षच तान्ह्या मुलाचा बाप होता. गरिबांच्या घरीं स्वतः जावें, असें त्यांनीं ठरविलें. पण गरीब राहतात कोठें, हें या सुशिक्षित मंडळींस कोठें ठाऊक? तेव्हां ते सिस्टर रोझाली रांद्यु यांच्याकडे गेले. संत विन्सेंट यांच्याच संघांतील ही धर्मभगिनी पॅरिसच्या अत्यंत दरिद्री अशा मुफतार वस्तींत कित्येक वर्षें राबत होती. तिनें त्यांस घरें दाखविलीं, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबाच्या दारीं कसें उभें राहावें हेंही शिकविलें. घरांत शिरतांच उपदेश करूं नये. आधीं बसावें, ऐकावें. आपण उपकार करावयास आलों आहों असें दाखवूं नये. सिस्टर रोझाली यांस सन २००३ मध्यें धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें. या सभेची खरी शिक्षिका तीच होय, असें आमचें मत आहे. आमच्या सभेच्या भिंतीवर ओझानाम यांचें चित्र आहे, तिचें नाहीं, हें आम्हांस नेहमीं खटकतें.

दुसऱ्या वर्षीं सभेस संत विन्सेंट यांचें नांव मिळालें. सभासद भराभर वाढून शंभरांवर गेले, तेव्हां सभेचे भाग करावे कीं नाहीं यावर मोठा कडाक्याचा वाद झाला. कांहींजण रडले म्हणतात. असो. भाग झाले, म्हणूनच ती गांवोगांव पसरली. ओझानाम स्वतः सभेचे मुख्य अध्यक्ष कधींच झाले नाहींत, व आपणांस संस्थापक म्हणवून घेण्यासही ते राजी नसत.

आतां संसाराकडे वळूं, कारण आमचा मुद्दा तेथेंच आहे.

वडील वारले त्यानंतर दोन वर्षांनीं, सन १८३९ मध्यें, आईही गेली. ओझानाम तोंवर कायद्याचे व वाङ्मयाचे असे दुहेरी डॉक्टर झाले होते; त्यांचा प्रबंध दान्ते या इटालियन महाकवीवर होता. लिऑनमध्यें त्यांस व्यापारी कायदा शिकविण्याची चांगल्या पगाराची जागा मिळाली. पण जन्माचा प्रश्न सुटेना. लाकोर्देर हे नामांकित प्रवचनकार त्याच सुमारास फ्रान्समध्यें डोमिनिकन संघ पुन्हां उभा करीत होते. ओझानामसारखा तरुण आपल्याबरोबर यावा, अशी त्यांची उघड इच्छा होती, आणि ओझानाम यांचेंही मन तिकडे ओढ घेई. लग्नाविषयीं त्यांस भीतीच वाटे: लग्न झालें कीं माणूस आपल्या चार भिंतींत अडकतो आणि मित्रांस व गरिबांस दुरावतो. ज्या शंकेनें आज आमचे तरुण सभेपासून दूर राहतात, त्याच शंकेनें हा तरुण लग्नापासून दूर राहत होता! अखेर जुने गुरु नुआरो यांनींच त्यांस सल्ला दिला कीं, तुझा मार्ग गृहस्थाश्रमाचा आहे.

२३ जून १८४१ रोजीं लिऑनच्या सां निझिये मंदिरांत त्यांचा विवाह अमेली सूलाक्रुआ हिच्याशीं झाला. मिस्सा थोरले बंधु आल्फोन्स यांनीं केली. अमेली ही लिऑनच्या शिक्षणखात्यांतील मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. जांवई लिऑनमध्यें राहता तर पगार भरपूर होता. पण त्यापूर्वींच्या वर्षीं पॅरिस येथें झालेल्या स्पर्धापरीक्षेंत ओझानाम पहिले आले होते व सोर्बोन विद्यापीठांत परदेशी वाङ्मय शिकविण्यासाठीं त्यांस बोलावणें आलें होतें. जागा दुय्यम, पगार थोडा, आणि कायमपणाची हमी नाहीं. नव्या नवरीनें आईबापांचें शहर सोडून त्या अनिश्चित संसारांत पाऊल टाकलें. पुढें ओझानाम यांच्या दानधर्माचें जें कौतुक झालें, त्यांत तिचा वाटा मोजला गेला नाहीं.

लाकोर्देर निराश झाले. त्यांच्याविषयीं एक आख्यायिका आहे. पोप नववे पायस यांच्यापाशीं बोलतांना, ओझानाम लग्नाच्या सांपळ्यांत अडकले, अशा अर्थाचें कांहींसें ते बोलून गेले. पोप महाशय हंसून म्हणाले कीं, प्रभूनें सात साक्रामेंतें स्थापिलीं असें मी समजत होतों; सहा साक्रामेंतें व एक सांपळा आहे, हें मला ठाऊक नव्हतें. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ती आम्हां धर्मगुरूंस वरचेवर आठवावी अशी आहे.

लग्न २३ तारखेस झालें, म्हणून दर महिन्याच्या २३ तारखेस ओझानाम पत्नीस फुलें आणून देत. यांत बारा वर्षें खंड पडला नाहीं. संसार म्हणजे नुसतीं फुलें नव्हतीं. दोनदां अमेलीचा गर्भपात झाला. चार वर्षांनीं, २४ जुलै १८४५ रोजीं, मुलगी झाली; तिचें नांव मारी, म्हणजे आपली मारिया. बत्तीस वर्षांचा हा प्राध्यापक बाप त्या तान्ह्या पोरीच्या कौतुकानें मित्रांस पत्रें लिहूं लागला. सोर्बोनमधील जागा तोंवर कायम झाली होती. व्याख्यानाची तयारी ते अतिशय कसोशीनें करीत, त्यामुळें प्रकृति ढांसळली. सन १८४६ मध्यें ते आजारी पडले. एवढें सर्व असून दर आठवड्याचीं ठरलेलीं गरीब घरें सुटलीं नाहींत. सणावारीं भेटवस्तु द्यावयाची, तर ती गड्याकरवीं न पाठवितां ते स्वतः नेत.

एका नववर्षदिनाची गोष्ट त्यांच्या चरित्रांत आहे. आमच्या मतें त्या सबंध चरित्रांत तिच्याइतकी बोलकी गोष्ट दुसरी नाहीं. ओझानाम यांच्या भेटींतल्या एका कुटुंबास पूर्वीं बरे दिवस होते. त्या दिवसांची शेवटची खूण म्हणून एक खणांचें कपाट उरलें होतें. तेंही पोटासाठीं गहाण टाकावें लागलें. सकाळीं ओझानाम पत्नीस म्हणाले, तें सोडवून त्यांना नववर्षाची भेट म्हणून देऊं या. अमेलीनें व्यवहाराची गोष्ट सांगितली: तें सोडवून आज दिलें तरी उद्यां पुन्हां जाईल, आपली ऐपत किती, आणि हें कोठवर पुरणार? ज्या बाईस महिन्याचा खर्च भागवावयाचा असतो, तिनें असेंच बोलावें. तिला दोष देण्याचें कारण नाहीं. नवऱ्यासही तें पटलें. दिवसभर आप्तेष्टांच्या भेटी झाल्या. संध्याकाळीं घर भेटींनीं भरलें. लहानग्या मारीपुढें खेळण्यांचा ढीग झाला. पण बाप कोपऱ्यांत उदास. पुढें केलेली मिठाईही त्यानें घेतली नाहीं. काय झालें म्हणून पत्नीनें विचारलें. पोरीच्या खेळण्यांवर एवढा पैसा गेला, आणि तें कपाट अजून गहाणवटदाराकडेच आहे, हें काहीं केल्या मनांतून जाईना, असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां तिनेंच त्यांस म्हटलें, जा. ते तसेच उठले, अंधारांत गेले, कपाट सोडविलें, त्या घरीं पोंचतें केलें, आणि हंसत परत आले.

या गोष्टींत पुण्यवान एकटा नवराच, असें समजणारे वाचक आम्हांस भेटलेले आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. सकाळीं "नको" म्हणणारी व संध्याकाळीं "जा" म्हणणारी बाई एकच होती. ती सकाळीं चुकली नव्हती. हिशेब तिचाच बरोबर होता. तरीही नवऱ्याचा चेहरा पाहून तिनें तो हिशेब बाजूस ठेविला. आमच्या सभेच्या बंधूंच्या घरींही असें "जा" म्हणणाऱ्या बाया आहेत. ताटावर बसलेल्या नवऱ्यास निरोप आला तर त्याचें ताट झांकून ठेवून वाट पाहणाऱ्या. त्यांचींही नांवें कोणत्या दप्तरांत नाहींत.

ओझानाम यांस राग येत नसे असें नाहीं. ते स्वभावानें तापट व हळवे होते. त्यांनीं एका इटालियन माणसास ओळखीनें नोकरी लावून दिली होती. त्यानें धन्याशीं दगाबाजी केली. कांहीं दिवसांनीं तो अन्नास महाग होऊन पुन्हां दारीं आला, तेव्हां ओझानाम यांनीं त्यास फटकारून लावून दिलें. पण दार लावतांच मन खाऊं लागलें: मनुष्यास निराशेच्या कडेलोटापर्यंत नेण्याचा मला काय अधिकार? उद्यां मलाही देवाकडे क्षमा मागावयाचीच आहे. टोपी घेऊन ते धांवत सुटले, आणि जवळच्या बागेंत त्यास गांठून मदत दिली, असें चरित्रकारांनीं नमूद केलें आहे.

सन १८४८ चें वर्ष फ्रान्सला फार वाईट गेलें. फेब्रुवारींत राजा पळाला. बेकारी वाढली. ओझानाम यांनीं त्यापूर्वींच लिहून ठेविलें होतें कीं, श्रद्धाळूंनीं आतां श्रीमंतांची बाजू सोडून कष्टकऱ्यांच्या बाजूस जावें. यावर त्यांचेच पुष्कळ स्वधर्मीय त्यांच्यावर रुष्ट झाले. लाकोर्देर यांच्यासह त्यांनीं एक दैनिक काढलें. मित्रांच्या आग्रहास्तव निवडणुकीस उभे राहिले व पडले. जून महिन्यांत पॅरिसच्या रस्त्यांत गाड्या, पिंपें व फरशा रचून कामकरी लढूं लागले. सरकारी तोफा त्यांच्यावर सुटल्या. राष्ट्रीय रक्षकदलांत इतर नागरिकांप्रमाणें ओझानाम यांसही पहारा करावा लागे. २५ जून रोजीं ते व त्यांचे दोन मित्र आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले व, आपण मध्यें पडाल तर हा रक्तपात थांबेल, अशी विनंती त्यांनीं केली. आर्चबिशप तत्काळ उठले. गणवेशांतल्या या तिघांस त्यांनीं पुढें येऊं दिलें नाहीं. ते शांततेचें चिन्ह घेऊन सां आंत्वान वस्तीपुढील अडथळ्यावर चढले, आणि तेथेंच कोणाची तरी गोळी लागून कोसळले. दोन दिवसांनीं त्यांचें देहावसान झालें. आपल्या सल्ल्यानें आपला महागुरु मृत्यूच्या दारीं गेला, हें शल्य ओझानाम यांच्या मनांत किती सललें असेल! सल्ला चुकीचा होता काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. पण सेवा करणाऱ्याच्या पदरीं नेहमीं सोडविलेलें कपाटच येतें, असें नाहीं.

पुढल्या वर्षीं पटकी पुन्हां आली. सभेचे बंधु रोग्यांच्या घरोघर फिरले. ओझानाम यांची प्रकृति मात्र उतरतच गेली. सन १८५२ च्या वसंतांत ते अंथरुणाला खिळले असतां विद्यार्थी वर्गांत जमून गडबड करूं लागले, असें कळलें. बायकोनें व भावानें आडवें येऊनही ते उठून गेले व व्याख्यान देऊन आले. तें त्यांचें शेवटचें व्याख्यान. त्या दिवशीं पत्नीचें ऐकावयास हवें होतें, असें आम्ही येथें स्पष्ट लिहितों. थोरांच्या चरित्रांतील सर्वच गोष्टी अनुकरणीय नसतात.

नंतर हवापालटासाठीं पत्नी व मुलीसह ते आधीं फ्रान्सच्या दक्षिणेस, मग स्पेनच्या सरहद्दीपार बुर्गोसपर्यंत, व तेथून इटालींत पिसा शहरीं गेले. तेथेंही गप्प बसले नाहींत. त्या प्रांतांत सभेच्या नव्या शाखा निघाव्या म्हणून धडपडले. २३ एप्रिल १८५३ रोजीं चाळीस वर्षें पुरीं झालीं. त्या दिवशीं त्यांनीं मृत्युपत्रासारखी एक प्रार्थना लिहिली. मरणाची तयारी त्यांस कठीण गेली नाहीं. कठीण गेलें तें बायकोमुलीस सोडून जाणें. देवापाशीं त्यांनीं हें लपविलें नाहीं. सात वर्षांची पोर व तिची आई यांच्यासाठीं जगावें असें वाटणें, यांत श्रद्धेची उणीव आहे असें त्यांस वाटलें नाहीं. आम्हांसही वाटत नाहीं.

त्या उन्हाळ्यांत ते लिव्होर्नोजवळ अंतिन्यानो या समुद्रकांठच्या गांवीं राहिले. २३ ऑगस्टला चालण्याचीही ताकद नव्हती. पण तारीख २३ होती. समुद्राकांठच्या एका झुडुपाची डहाळी त्यांनीं अमेलीच्या हातीं दिली. त्या क्रमांतील ही शेवटची भेट. सप्टेंबरच्या आरंभीं गलबतानें त्यांस मार्सेय बंदरीं आणलें. तेथें ८ सप्टेंबर १८५३ रोजीं सायंकाळीं ते निवर्तले. आपल्याकडे त्याच दिवशीं मारियामातेच्या जन्माचा सण, आणि पुढच्या रविवारीं वांद्र्याची जत्रा. शेवटच्या घटकेस धर्मगुरूंनीं परमेश्वरावर भरंवसा ठेवण्यास सांगितलें, तेव्हां ते म्हणाले कीं, ज्याच्यावर मी इतकें प्रेम करतों त्याचें भय मला कां वाटावें? पॅरिसच्या कार्मेलाइट मंदिराच्या तळघरांत त्यांची समाधि आहे.

अमेली त्यांच्या मागें ४१ वर्षें जगली. पतीचीं पत्रें व लेख तिनें जपलीं; त्यांच्याविषयीं आपणांस जें कळतें त्यांतील पुष्कळसें तिच्यामुळेंच. सन १८९४ मध्यें ती वारली. सन १९२६ मध्यें ब्राझील देशांत घटसर्पानें मरणोन्मुख झालेलें एक बालक ओझानाम यांच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेनें बरें झालें. तोच चमत्कार पुढें ग्राह्य धरण्यांत आला, आणि २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरांत त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें. जगभरच्या तरुणांचा मेळावा त्या वेळीं पॅरिसांत भरला होता. सातजणांच्या त्या सभेचे आज दीडशेच्या आसपास देशांत सुमारे आठ लाख सभासद आहेत. आमच्या धर्मग्रामांत ते अकरा आहेत. त्यांतील आठांनीं साठी ओलांडली आहे, आणि दोघांस गुडघ्यांमुळें जिने चढवत नाहींत. नव्या इमारतींत पाळणे आहेत. पण आमचे गरीब अजून जुन्या चाळींच्या माडीवरच राहतात.

हा लेख छापण्यापूर्वीं आम्हीं चिटणिसांस वाचून दाखविला. आपल्या बोलण्याचा उल्लेख आला हें त्यांस फारसें रुचलें नाहीं. नांव घातलें नाहीं, म्हणून त्यांनीं चालवून घेतलें. मात्र एक निरोप छापण्यास त्यांनीं सांगितलें आहे, तो असा: सभेची बैठक दर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या पहिल्या वर्गांत भरते. ती पाऊण तासांत संपते. लहान मूल बरोबर आणण्यास हरकत नाहीं.